टीव्ही चांगला, बॉक्स चांगला, मग चित्र का नाही?

नारायण पेठेत माझं टीव्ही दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. गेली २८ वर्षं मी हेच काम करतो. या काळात पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले, एलसीडी आले, एलईडी आले. सोल्डरिंग कमी झालं आणि बोर्ड बदलणं वाढलं. पण दिवाळीनंतर सदाशिव पेठेतल्या एका बाईंनी फोनवर मला जे विचारलं, तसं याआधी कोणत्याच गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं. त्या शाळेत शिक्षिका होत्या, आता पंचाहत्तरीच्या जवळ आल्यात आणि अख्खी गल्ली त्यांना ‘बाई’च म्हणते. त्या म्हणाल्या, “अरे, टीव्हीवर इंग्रजीत काहीतरी आलंय. कॉपीचं, संरक्षणाचं काहीतरी लिहिलंय. माझ्या हातून काही चोरीबिरी झाली का रे?”

झालं होतं ते एवढंच. मुलाने बंगळूरहून ४केचा, म्हणजे अतिस्पष्ट चित्राचा, नवा बॉक्स पाठवला होता आणि वर्षाची वर्गणीही त्यानेच भरली होती. बाईंनी शेजारच्या मुलाकडून तार लावून घेतली. मेनू दिसला, चित्रपटांची पोस्टरं दिसली. चित्रपट सुरू केला की मात्र पडदा काळा व्हायचा, आवाज जायचा आणि इंग्रजीत एक ओळ उमटायची: संरक्षित मजकूर असल्यामुळे हे दाखवता येत नाही. बाईंना वाटलं, आपण नको ते बटण दाबलं. १२ दिवस त्यांनी मुलालाही काही सांगितलं नाही. या १२ दिवसांत बॉक्सच्या कंपनीला फोन झाला, तर दोष टीव्हीचा आहे म्हणाले. टीव्हीच्या कंपनीचा माणूस घरी येऊन गेला, तर त्याने दोष बॉक्सचा ठरवला आणि जाता जाता नवीन टीव्ही घेण्याचा सल्ला दिला. मी गेलो तेव्हा २०१४ मध्ये घेतलेला ४३ इंची टीव्ही भिंतीवरून उतरवावा लागला. मागे तीन एचडीएमआय सॉकेट होते आणि त्यातल्या एकाच्या बाजूला भिंगातून वाचता येतील अशी अक्षरं होती: एचडीसीपी २.२. तार त्या सॉकेटमध्ये लावली आणि चित्रपट सुरू झाला. काम दहा मिनिटांचं होतं.

मला जे म्हणायचंय ते त्या १२ दिवसांबद्दल आहे. चित्रपटाची कॉपी होऊ नये म्हणून कंपनीने बॉक्समध्ये आणि टीव्हीत असं कुलूप लावावं की नाही हा वेगळा वाद आहे, त्याकडे मी येईनच. पण विकत घेतलेल्या वस्तूला कुलूप आहे, ते कुठल्या सॉकेटला उघडतं आणि कुठल्या सॉकेटला उघडत नाही, हे वस्तू विकतानाच गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत सांगणं कायद्याने सक्तीचं केलं पाहिजे. आणि कुलूप अडलं, तर ते का अडलं हे पडद्याने खरं सांगितलं पाहिजे. आज यातलं काहीच होत नाही. म्हणून निवृत्त शिक्षिकेला स्वतःच्या घरात, स्वतःच्या टीव्हीपुढे, आपण चोर आहोत की काय असं वाटतं.

या कुलपाचं नाव एचडीसीपी. इंटेलने ते तयार केलं, पहिली आवृत्ती २००० साली आली, आणि त्याचे परवाने इंटेलचीच एक उपकंपनी देते. बॉक्समधून टीव्हीकडे जाणारं चित्र वाटेत कोणी उतरवून घेऊ नये, हा त्याचा उद्देश. त्यासाठी चित्र तारेत शिरण्याआधीच गुप्त केलं जातं आणि टीव्हीत गेल्यावर उलगडलं जातं. उलगडण्याआधी दोन्ही यंत्रं एकमेकांची ओळख पटवतात. ही ओळख कशी पटते हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो, कारण ते समजलं की निम्मी भीती जाते.

जुन्या आवृत्तीत प्रत्येक यंत्राच्या पोटात कारखान्यातच ४० गुप्त आकडे भरलेले असतात. त्याशिवाय एक उघड ओळखक्रमांक असतो, त्यात ४० घरं, २० घरांत एक आणि २० घरांत शून्य. बॉक्स आपला क्रमांक टीव्हीला दाखवतो, टीव्ही आपला बॉक्सला. मग दोघंही समोरच्याच्या क्रमांकात जिथे जिथे ‘एक’ असेल तिथले आपले गुप्त आकडे उचलतात आणि त्यांची बेरीज करतात. आकडे भरतानाच असं गणित साधलेलं असतं की दोन्हीकडची बेरीज एकच येते. बेरीज जुळली की चित्र सुटतं. त्यानंतरही साधारण दर दोन सेकंदांनी तपासणी चालूच असते. एवढं सगळं आपण रिमोट खाली ठेवेपर्यंत होऊन जातं. पण यात एक बाजू नवी आणि दुसरी जुनी असली, मध्ये एक चित्र दोन टीव्हींना वाटून देणारं एखादं स्प्लिटर किंवा होम थिएटरचा ॲम्प्लिफायर बसवलेला असला, किंवा तारेतली एक बारीक वाहिनी सैल असली, की बेरीज जुळत नाही. मग पडदा काळा होतो, हिरवट होतो, पांढरे ठिपके येतात, नाहीतर चित्र येतं आणि जातं.

२०१३ मध्ये २.२ ही आवृत्ती आली आणि ४के चित्रपटांसाठी तीच मागितली जाऊ लागली. तिची गुप्तलिपी वेगळी आहे, जुन्या चिपला ती समजत नाही आणि सॉफ्टवेअर अपडेट करून सहसा भागतही नाही. पुण्यातल्या माणसाने हे वर्ष जरा आठवून बघावं. मार्च २०१३ अखेर पुण्यात केबलच्या डिजिटायझेशनची मुदत होती. घराघरांत सेट टॉप बॉक्स आले आणि बॉक्स आलाच आहे तर टीव्हीही बदलू, असं म्हणत माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांनी त्या दोन-तीन वर्षांत नवे टीव्ही घेतले. काहींनी लाखभर रुपये मोजून पहिले ४के टीव्ही घेतले. त्यातल्या कित्येक टीव्हींना २.२ नव्हतंच, काहींना ते एकाच सॉकेटला होतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ४के छापलेलं होतं. सॉकेटची ही गोष्ट मात्र माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांत होती, आणि ती पुस्तिका आपल्या घरांत खोक्यासकट माळ्यावर जाते.

अशा वेळी मी काय करतो ते इथे सविस्तर लिहितो, कारण यातल्या निम्म्या गोष्टींना मेकॅनिक लागत नाही.

आधी मेनू दिसतो का ते बघा. मेनू दिसतो, फुकटचे व्हिडिओ दिसतात आणि पैसे भरलेला चित्रपटच अडतो, याचा अर्थ पॅनेल गेलेलं नाही, बोर्ड गेलेला नाही, कुलूप अडलंय. कोणी पॅनेल बदलायला सांगितलं तर त्याला नमस्कार करून पाठवा. मग टीव्ही आणि बॉक्स दोन्ही भिंतीवरच्या बटणाने बंद करा. रिमोटने बंद केलेलं यंत्र झोपलेलं असतं, आतली चिप चालूच राहते आणि अर्धवट राहिलेली ओळख धरून बसते. तार दोन्हीकडून काढा, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, तार परत घट्ट लावा, आधी टीव्ही चालू करा आणि त्यावर चित्र स्थिर झालं की बॉक्स. माझ्या अनुभवात बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

नाही मिटलं, तर मधलं सगळं काढून टाका. स्प्लिटर, स्विच, साऊंडबार, ॲम्प्लिफायर, जे असेल ते. बॉक्समधून तार थेट टीव्हीत. असं केल्यावर चित्र आलं तर दोष मधल्या वस्तूत आहे, कारण साखळीतल्या प्रत्येक वस्तूला ओळख पटवावी लागते आणि एक जुनी कडी असली तरी अख्खी साखळी अडते. ॲम्प्लिफायर जुना पण चांगला असेल तर तो टाकू नका; चित्र थेट टीव्हीला द्या आणि आवाज टीव्हीच्या ऑप्टिकल किंवा एआरसी सॉकेटातून ॲम्प्लिफायरला न्या. मग टीव्हीचे सगळे सॉकेट एकेक करून बघा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन ४केऐवजी १०८० (साधं एचडी) करून बघा. बऱ्याच बॉक्सना मग जुनी ओळखही चालते. बऱ्याच ४के टीव्हींच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय सॉकेटसाठी साधा आणि वाढीव असे दोन पर्याय असतात, तेही बदलून बघण्यासारखे आहेत.

तारेबद्दल एक सांगायलाच हवं. एचडीएमआयच्या टोकाला १९ पिना असतात. चित्र ज्या वाहिन्यांतून जातं त्या वेगळ्या आणि ओळखीची बोलणी ज्या दोन बारीक वाहिन्यांतून होतात त्या वेगळ्या. त्यामुळे तार खराब असूनही मेनू स्वच्छ दिसू शकतो आणि चित्रपट मात्र अडतो. म्हणून दुसरी, आखूड तार लावून बघणं योग्यच. पण बाजारात ‘एचडीसीपी २.२ची खास तार’ म्हणून दुप्पट भावाने जे विकलं जातं, ते घेऊ नका. साध्या तारेत किल्ली नसते, किल्ली दोन्ही टोकांच्या यंत्रांत असते. चांगल्या बनावटीची साधी तार पुरते. तपकीर गल्लीतला कोणताही जाणता दुकानदार हे सांगेल.

लॅपटॉपची तऱ्हा थोडी निराळी. लॅपटॉपला टीव्ही आणि जुना प्रोजेक्टर असे दोन्ही एकदम जोडले असतील तर सगळ्यात जुन्या जोडणीवरून निर्णय होऊ शकतो. एकाच पडद्यावर चालवून बघा. एचडीएमआयचं व्हीजीए (जुन्या मॉनिटर-प्रोजेक्टरची जोडणी) करणारं कन्व्हर्टर लावलं असेल तर संरक्षित चित्रपट त्यातून यायची आशाच सोडा, व्हीजीएला या ओळखीची सोयच नाही.

हे सगळं मी तोंडपाठ सांगू शकतो कारण माझं पोट यावर चालतं. पण माझा प्रश्न असा आहे, की पैसे देऊन वस्तू आणलेल्या माणसाने हे का शिकावं? गॅसची शेगडी घेताना कोणी आपल्याला सांगत नाही की डावा बर्नर अमुक कंपनीच्याच पातेल्याला पेटेल. आणि तसं असलंच, तर ते विकताना सांगावं लागेल.

हा प्रकार आजचा नाही, एवढंही नोंदवून ठेवतो. दुकान नवीन होतं तेव्हा लोक व्हीसीआर, म्हणजे कॅसेटवर रेकॉर्ड करणारं यंत्र, घेऊन यायचे. तक्रार एकच: “डीव्हीडी लावली की चित्र उजळतं, मग अंधारतं, परत उजळतं.” त्यांच्या जुन्या टीव्हीला फक्त अँटेनाचं सॉकेट असायचं, म्हणून डीव्हीडी प्लेअरची तार व्हीसीआरमधून टीव्हीला दिलेली असायची. मी सुरुवातीला हेड साफ करून द्यायचो, पैसेही घ्यायचो. नंतर एका जुन्या मेकॅनिककडून कळलं की व्हीसीआरला काही झालेलंच नाही. मॅक्रोव्हिजन नावाचं १९८०च्या दशकातलं तंत्र होतं. ते सिग्नलमध्ये मुद्दाम असे ठोके घालायचं की व्हीसीआरचं आपोआप उजेड सांभाळणारं सर्किट गोंधळून जावं आणि कॉपी खराब व्हावी. ज्याला कॉपी करायचीच नव्हती, जो फक्त बघत होता, त्याचंही चित्र त्यात बिघडायचं. त्या वेळी मी ज्यांच्याकडून साफसफाईचे पैसे घेतले त्यांची मला आजही खंत वाटते. मला खरं माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांच्यावर सांगायचं बंधन नव्हतं. पुढे ब्लू-रे आलं तेव्हा ठरावीक तारखा देऊन जुने सॉकेटच बंद करत नेले: २०१० नंतर बनलेल्या प्लेअरच्या ॲनालॉग सॉकेटातून त्या डिस्कचं उच्च दर्जाचं चित्र बंद, २०१३ नंतर बनलेल्यांतून चित्रच बंद. तेव्हाही ज्याच्या घरी जुना, धडधाकट टीव्ही होता त्याला कोणी विचारलं नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे येतो, कारण ती बाजू खोटी नाही. चित्रपट बनवायला पैसा लागतो, कष्ट लागतात. मराठी चित्रपट बनवणारा निर्माता तर बऱ्याचदा घर गहाण टाकून उभा राहतो. त्याचा चित्रपट पहिल्याच आठवड्यात मोबाईलवर फुकट फिरायला लागला तर तो संपतो. चोरी होऊ नये हे मलाही मनापासून वाटतं. माझ्या दुकानात येऊन लोक हळू आवाजात विचारतात, “ते कुलूप काढणारं स्प्लिटर आहे का?” मी ते विकत नाही.

पण चोर कुठून येतो ते तर बघू. थिएटरमध्ये बसून पडदा रेकॉर्ड करणारे असतात. प्रदर्शनाआधीच्या प्रती आतल्याच कोणाच्या हातून बाहेर जातात. हे ओळखूनच संसदेने २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त केला आणि थिएटरमधल्या रेकॉर्डिंगला किमान तीन महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला. ही तरतूद मला योग्य वाटते, ती चोराचा हात धरते. बॉक्स ते टीव्ही या दीड मीटरच्या तारेवरच्या कुलपाबद्दल असं म्हणता येईल का? नील्स फर्ग्युसन या डच तज्ज्ञाने आपल्याला एचडीसीपी फोडता आलं असं २००१ सालीच जाहीर केलं होतं. कुलूप तोडण्याची पद्धत सांगणंही गुन्हा ठरवू शकणाऱ्या अमेरिकेच्या कायद्याच्या भीतीने त्याने पद्धत छापली नाही. सप्टेंबर २०१० मध्ये जुन्या आवृत्तीची मुख्य किल्लीच इंटरनेटवर आली. प्रत्येक यंत्राचे ४० आकडे ज्या तक्त्यावरून काढता येतात तो अख्खा तक्ता. ती खरी असल्याचं इंटेलनेही मान्य केलं. म्हणजे ज्याला चोरायचंय त्याच्याकडे त्या कुलपाची किल्ली २०१० पासून आहे. तरी ते कुलूप घराघरांत आहे आणि त्याचीच नवी आवृत्ती बाईंसारख्यांना अडवते आहे.

आपला कायदा या बाबतीत अमेरिकेपेक्षा समजूतदार आहे, आणि हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५अ आलं. तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण कधी? त्याने हक्कभंग करण्याच्या हेतूने ते तोडलं असेल तेव्हा. कायद्याने स्पष्ट मना न केलेल्या कामासाठी कोणी तसं केलं तर ते कलम आड येत नाही, असंही तिथेच लिहिलंय. आणि कलम ५२ खाजगी वापराला, अभ्यासाला जागा देतं. म्हणजे कायदा हेतू विचारतो. तारेतलं कुलूप हेतू विचारत नाही. संसदेने नागरिकाला जी मोकळीक दिली ती बॉक्समधल्या चिपने काढून घेतली, आणि त्यावर कुठे दाद मागायची हेही ठरलेलं नाही.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण मी एका कॉलेजात पाहिलं. तिथे व्याख्यानं रेकॉर्ड करायची यंत्रणा बसवली होती. एक प्राध्यापक स्वतःच्या लॅपटॉपवरून, स्वतः तयार केलेल्या स्लाइड्स दाखवत होते. समोरच्या पडद्यावर सगळं दिसत होतं, रेकॉर्डिंगमध्ये मात्र काळं. दोन तास मी तारा तपासत बसलो. मग लक्षात आलं: काही लॅपटॉप समोरच्या यंत्राने ‘मला कुलूप समजतं’ असं सांगितलं की जे काही बाहेर पाठवतील त्याला कुलूप लावतात. चित्रपट असो नाहीतर तुमची स्वतःची वही. त्या स्लाइड्सचे कॉपीराइटचे मालक ते प्राध्यापक स्वतः होते. ज्याच्या हक्काच्या नावाने कुलूप बनवलं त्यालाच त्याने बाहेर ठेवलं. अनेक सेट टॉप बॉक्स तर फुकट दिसणाऱ्या सरकारी वाहिनीलाही असंच कुलूप लावून पाठवतात. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्यात दूरदर्शन दिसायला लागलं, तेव्हा परवाना काढला आणि अँटेना लावली की चित्र, एवढाच नियम होता. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या वाहिनीला अडवायचा अधिकार एका चिपला कोणी दिला?

आणखी एक गोष्ट मला कळल्यापासून टोचते. या व्यवस्थेत रद्दयादी असते. एखाद्या यंत्राची किल्ली फुटली असं ठरलं तर तिचा क्रमांक या यादीत जातो, ती यादी नव्या डिस्कबरोबर किंवा प्रक्षेपणाबरोबर घराघरांतल्या यंत्रांत पोहोचते आणि मग ती यंत्रं त्या क्रमांकाला ओळख देत नाहीत. हे सर्रास होतं असं माझं म्हणणं नाही. पण करारात ते लिहिलेलं आहे, आणि त्या करारावर सही ना गिऱ्हाइकाची, ना दुकानदाराची. मी पैसे देऊन घेतलेला टीव्ही उद्या चालावा की नाही, हे माझं म्हणणं न ऐकता कोणीतरी ठरवू शकतं. भाडेकरूला काढायचं तरी नोटीस लागते.

आता कायद्याने काय करता येईल ते बोलू. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली ती याच पुण्यात. तेलातली भेसळ, मापातली चोरी यांवर त्या पिढीने भांडण मांडलं आणि गिऱ्हाइकाला हक्क असतात ही गोष्ट लोकांच्या तोंडी रुळवली. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा त्याच वाटेवरचा आहे. वस्तूचा दर्जा, मानक, किंमत यांची माहिती मिळणं हा त्यात ग्राहकाचा हक्क आहे. सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत तर महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हेही धरलेलं आहे. मासिक वर्गणी घेऊन चित्रपट दाखवणं ही सेवाच आहे. त्या सेवेने वर्गणी घेण्याआधी सांगितलं पाहिजे: तुमचा टीव्ही अमुक प्रकारचा असेल तर तुम्हाला ४के दिसणार नाही. पैसे ४केचे घ्यायचे, चित्र साधं द्यायचं किंवा द्यायचंच नाही, आणि कारण सांगायचं नाही, हे त्या व्याख्येत बसतं असं माझं स्पष्ट मत आहे. वकील मंडळींनी यावर काम करावं.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यात घेतली. टीव्ही घरगुती टिकाऊ वस्तूंत येतो. पण तिथली चर्चा सुटे भाग आणि माहितीपुस्तिका यांच्याभोवतीच फिरते. मला सुटा भाग मिळाला आणि टीव्ही पूर्ण दुरुस्त झाला, तरी कुलूप न जुळल्यामुळे चित्र येणार नसेल, तर माझ्या दुरुस्तीला काय अर्थ? चांगलं पॅनेल, चांगला पॉवर सप्लाय, चांगले स्पीकर असलेले टीव्ही मी भंगारात जाताना बघतो, कारण मालकाला कोणीतरी सांगितलेलं असतं की हा आता जुना झाला. दहा वर्षांचा टीव्ही म्हणजे काही म्हातारा नव्हे.

म्हणून खोक्यावर, जिथे इंच आणि वीज बचतीचे तारे छापतात तिथेच, कुलपाची आवृत्ती आणि ते कुठल्या सॉकेटला आहे हे छापलं गेलं पाहिजे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या खोक्यावर ते मराठीतही हवं. सॉकेटजवळची अक्षरं साध्या डोळ्यांना वाचता आली पाहिजेत. दोन चांगल्या वस्तू एकमेकींशी जुळत नसतील तर ठरावीक दिवसांत वस्तू परत घेण्याचं बंधन विक्रेत्यावर हवं. आज विक्रेता म्हणतो की वस्तूत दोष नाही, आणि त्याचं तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असतं. ओळख पटली नाही तर पडदा काळा न करता कमी दर्जाचं चित्र दिलं पाहिजे. मोठ्या पडद्यावर अस्पष्ट दिसलं तरी बाईंनी तक्रार केली नसती. आणि जे अडवायचं कारणच नाही, अशा फुकट वाहिन्यांना आणि माणसाच्या स्वतःच्या कामाला कुलूप लागता कामा नये.

कंपन्या म्हणतील, हे जगभर एकाच पद्धतीने बनतं, एका देशासाठी बदलता येत नाही. वीज बचतीचे तारे आपल्याच देशाचे आहेत, कमाल किरकोळ किंमत छापणं आपलंच आहे. ते छापतात की.

तोपर्यंत गिऱ्हाइकांनी एक करावं. काळा पडदा आला की त्याचा मोबाईलवर फोटो काढावा, यंत्राचं मॉडेल, बिल आणि वर्गणीची पावती जोडावी आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. बाईंनी केली. त्यांच्या मुलाने सांगितलं होतं, कशाला एवढं, चालू झालं ना आता? त्या म्हणाल्या, “चालू झालं म्हणून काय झालं? बारा दिवस मी मान खाली घालून बसले होते.” तक्रारीत काय मागणी लिहायची असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, भरपाई मागा. त्यांनी ती लिहिली नाही. वहीचं एक पान घेऊन पडद्यावर यायला हवा असा निरोप त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून काढला, शुद्धलेखन दोनदा तपासलं आणि तोच तक्रारीला जोडला:

“आपण निवडलेला चित्रपट या सॉकेटमधून दाखवता येत नाही. टीव्हीच्या मागे २.२ अशी खूण असलेल्या सॉकेटमध्ये तार लावावी. तसे सॉकेट नसल्यास चित्रपट साध्या दर्जात पाहण्यासाठी हिरवे बटण दाबावे. आपला टीव्ही व बॉक्स दोन्ही सुस्थितीत आहेत. आपल्याकडून कोणतीही चूक झालेली नाही.”